केगमधून नितळ बिअर: भरण्यापासून ओतण्यापर्यंतचा क्रम

घरी केलेली बिअर केगमधून, म्हणजे ती साठवण्याच्या दाबबंद पिंपातून, गढूळ येऊ लागली की बहुतेक जण रेग्युलेटरचा (वायूचा दाब ठरवणाऱ्या उपकरणाचा) दाब कमी-जास्त करून पाहतात, नाहीतर गाळणीयंत्रांच्या किमती शोधू लागतात. दाबाचा गढूळपणाशी फारसा संबंध नसतो, आणि घरगुती गाळणी यीस्टने पटकन तुंबते व बिअरला हवा लावते. नितळपणा ठरतो तो कामांच्या क्रमावर. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे मद्य करणे, पूर्ण होऊ द्यावे, हवा न लागता केग भरावा, बिअर थंड करावी, त्यानंतर निवळण्याचे द्रव्य घालावे, मग कार्बन डायऑक्साइड वायू द्यावा आणि त्यापुढे केग जागचा हलवू नये. यातली एक पायरी पुढेमागे झाली तरी पुढच्या पायऱ्यांची मेहनत बरीचशी वाया जाते.

जिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवण्यास कायद्याने मुभा आहे, अशा देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. अमेरिकेत संघीय कायद्याप्रमाणे एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता करता येते, मात्र ती विकता येत नाही. राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे पाहावेत. ब्रिटनमध्ये घरच्या वापरापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय बिअर बनवणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हे केवळ माहितीसाठी वाचावे.

पुढची सगळी मापे १९ लिटरचा बॉल-लॉक कॉर्नेलियस केग (वायू आणि बिअरसाठी वर दोन तोंडे असलेला स्टीलचा केग), ३ अंश सेल्सियसवर ठेवलेला फ्रिज आणि पेल एल किंवा ब्लाँड एलसारखी साधी बिअर गृहीत धरून दिली आहेत. गव्हाची जर्मन बिअर आणि मुद्दाम धूसर ठेवलेला आयपीए यांना हा खटाटोप लागू नाही. त्या गढूळच असायला हव्यात.

## टप्पा १: गढूळपणा कोणता, ते आधी ठरवा

कारण न ओळखता केलेला उपाय क्वचितच लागू पडतो. आधीच्या केगमधला एक ग्लास भरून घ्या, त्याच्या बाहेरचे दव पुसा आणि मगच उजेडासमोर धरा. दवामुळे धूसर दिसणाऱ्या ग्लासला पाहून चांगल्या बिअरवर उपचार करणारे लोक कमी नाहीत.

तो ग्लास तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा. बिअर कोमट होताच स्वच्छ झाली, तर तो थंडीचा धूसरपणा आहे. धान्यातली प्रथिने आणि साली व हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) पॉलिफिनॉल थंडीत एकमेकांना सैलसर चिकटतात आणि ऊब मिळताच सुटतात. कोमट होऊनही बिअर गढूळच राहिली, पण झाकून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवल्यावर तळाशी पांढरट साका बसला, तर दोष यीस्टचा आहे. यातले काहीच झाले नाही, तर मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्यात) साखरेत पूर्ण न बदललेला स्टार्च हे एक कारण असू शकते, आणि त्यावर केगमध्ये उपाय नाही. गढूळपणा आठवड्यागणिक वाढत असेल आणि आंबट किंवा औषधी वास येत असेल, तर तो जंतुसंसर्ग आहे. तो केग रिकामा करून धुवावा, निवळत बसू नये.

थंडीचा धूसरपणा आणि यीस्ट या दोन्हींवर पुढचे टप्पे लागू पडतात.

## टप्पा २: उकळीच्या दिवशी करायची थोडी कामे

या दिवसाबद्दल थोडक्यात एवढेच. मॅशचे पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान ठेवा आणि मॅश संपताना आयोडिनची चाचणी करा. थेंब काळा-निळा झाला, तर स्टार्च शिल्लक आहे. उकळीची शेवटची १० ते १५ मिनिटे राहिली असताना आयरिश मॉस किंवा व्हर्लफ्लॉकची गोळी टाका. दोन्हींमधले कॅराजीनन समुद्री शेवाळापासून मिळते आणि प्रथिनांना एकत्र बांधते. उकळी झाल्यावर वर्ट (किण्वनाआधीचा गोड रस) जितका जलद थंड कराल, तितकी जास्त प्रथिने तिथेच गोळा होऊन मागे राहतील.

यीस्टची निवडही इथेच होते. एस-०४ किंवा नॉटिंगहॅमसारखे यीस्ट स्वतःहून खाली बसते आणि घट्ट बसते. यूएस-०५ त्यापेक्षा सावकाश बसते. कोल्शचे यीस्ट आठवडेच्या आठवडे तरंगत राहते. पहिल्यांदाच नितळ बिअरच्या मागे लागलेल्या माणसाने कोल्श निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा ३: केग उघडणे, धुणे आणि गळती शोधणे

वापरलेला केग बाहेरून कितीही चकचकीत दिसला, तरी त्याच्या पोस्टमध्ये (वरच्या दोन जोडतोंडांमध्ये) आणि लांब डिप ट्यूबमध्ये (तळापर्यंत जाणाऱ्या नळीत) मागच्या बिअरचा थर असतो. नव्या बिअरमध्ये तरंगणारे तुकडे पुष्कळदा तिथूनच येतात.

इशारा: झाकणावरचा दाबमोचक व्हॉल्व्ह ओढून आतला सगळा दाब सोडल्याशिवाय पोस्टला पाना लावू नका. दाबाखालचा पोस्ट सुटला, तर गोळीसारखा उडतो.

१. दाब सोडून झाकण काढा. दोन्ही पोस्ट पान्याने उघडून आतले पॉपेट (स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह), आखूड वायूची ट्यूब आणि लांब बिअरची ट्यूब वेगळी करा. कोणता पोस्ट कोणत्या बाजूचा, याची खूण करून ठेवा. दोन्हींचे आटे आणि पॉपेट प्रत्येक बनावटीत सारखे नसतात, आणि बॉल-लॉकमधल्या वायूच्या पोस्टच्या षटकोनी बुडाला बहुधा खाचा असतात.

२. केगमध्ये गरम पाणी आणि पीबीडब्ल्यूसारखी अल्कधर्मी पावडर पाकिटावरच्या प्रमाणात टाकून किमान अर्धा तास ठेवा. सुटे भाग त्याच पाण्यात बुडवा. लांब ट्यूबमधून बारीक ब्रश फिरवल्याशिवाय ती स्वच्छ झाली असे मानू नका.

३. निसरडेपणा जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. आत खरखरीत, राखाडी थर दिसला, तर तो बिअर स्टोन असतो. तो अल्कलीने जात नाही, त्याला आम्लयुक्त क्लीनर लागतो.

४. जुन्या केगमधल्या ओ-रिंग सरसकट बदला, कारण पूर्वी त्यात भरलेल्या सरबताचा वास रबरातून सहजासहजी जात नाही. नव्या रिंगांना खाद्य दर्जाचे सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसटसे लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगते, ती वापरू नका.

५. भाग जोडा, झाकण बसवा, ३० पीएसआय म्हणजे सुमारे २ बार दाब द्या आणि झाकणाच्या कडेवर, दोन्ही पोस्टवर आणि रेग्युलेटरच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारा. बुडबुडा दिसेल तिथे गळती आहे.

तपासणी: रिकामा केग दाबाखाली रात्रभर ठेवून सकाळी व्हॉल्व्ह क्षणभर ओढा, जोरात फुस्स आवाज यायला हवा. ही चाचणी बिअर भरलेल्या केगवर करू नका, कारण बिअर स्वतःच वायू शोषून घेते आणि गळती नसतानाही दाब उतरलेला दिसतो.

इशारा: क्लोरिनयुक्त ब्लीचने स्टीलला बारीक खड्डे पडतात, शिवाय ब्लीच आणि आम्लयुक्त सॅनिटायझर एकत्र आले, तर विषारी क्लोरिन वायू निघतो. ब्लीच केगजवळ आणूच नका.

## टप्पा ४: किण्वन खरोखर संपले आहे ना?

एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले, ही समजूत चुकीची आहे. हायड्रोमीटरने सलग तीन दिवस घनता मोजा. आकडा जराही हलला नाही, तरच पुढे जा. त्यानंतरही बिअर त्याच तापमानाला दोन दिवस राहू द्या, म्हणजे यीस्ट डायॅसिटिल हा लोण्यासारख्या वासाचा पदार्थ शोषून घेते. घाईने थंड केलेली बिअर नितळ होईलही, पण तिला लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास राहील, आणि खाली बसलेले यीस्ट तो काढायला पुन्हा वर येणार नाही.

आता थंडी फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या भांड्यात) द्यायची की केगमध्ये, हा निर्णय आहे. फर्मेंटर थंड करताना आतल्या वायूचे आकारमान घटते आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा, कधीकधी एअरलॉकमधले पाणीसुद्धा, आत ओढले जाते. झाकण पक्के बंद केलेला प्लास्टिकचा फर्मेंटर चक्क आत दबतो. ज्यांच्याकडे दाब सहन करणारा फर्मेंटर आणि त्याला जोडलेला वायू आहे, त्यांनी तिथेच थंड करावे. साका मागे राहील आणि केगमध्ये बरीच स्वच्छ बिअर जाईल. बाकीच्यांनी आधी केग भरावा आणि केगमध्येच थंडी द्यावी. एकच फ्रिज असलेल्या घरात हा दुसरा मार्ग सोपा आहे आणि हवेपासून जास्त सुरक्षितही. पुढचे टप्पे तोच मार्ग धरून लिहिले आहेत.

## टप्पा ५: हवा न लागू देता केग भरणे

हवेचा प्राणवायू बिअरचा रंग काळपट करतो आणि हॉप्सचा वास मारतो. शिवाय ऑक्सिडीकरण झालेली पॉलिफिनॉल प्रथिनांशी कायमची बांधली जातात, म्हणून पुढे उबेतही न विरणारा धूसरपणा येतो. उघड्या केगमध्ये वरून नळी सोडून बिअर भरणे ही घरोघरी सर्रास होणारी चूक आहे.

१. केग स्टार सॅन या आम्लयुक्त सॅनिटायझरच्या द्रावणाने काठोकाठ भरा. प्रमाण १९ लिटर पाण्याला ३० मिली. झाकण लावा, थोडा वायू द्या आणि बिअरच्या पोस्टमधून सगळे द्रावण दुसऱ्या भांड्यात ढकलून बाहेर काढा. आता केगमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड आहे. आत उरलेल्या थोड्याशा फेसाची काळजी करू नका.

२. फर्मेंटर उंचावर, केग जमिनीवर. फर्मेंटरच्या तोटीची नळी काळ्या डिसकनेक्टमधून (नळी पोस्टवर बसवणाऱ्या जोडातून) बिअरच्या पोस्टला जोडा, म्हणजे बिअर लांब ट्यूबमधून तळाशी, शांतपणे भरेल. राखाडी डिसकनेक्ट वायूचा आणि काळा बिअरचा. उलट लावल्यास तो अडकून बसतो आणि काढताना पॉपेट बिघडते.

३. वायूच्या पोस्टपासून दुसरी नळी फर्मेंटरच्या झाकणातील छिद्रात न्या. बिअर केगमध्ये येताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड फर्मेंटरमध्ये परत जातो आणि दोन्हीकडे हवा शिरत नाही. तशी सोय नसेल, तर दाबमोचक व्हॉल्व्ह उघडा ठेवणे चालेल.

४. फर्मेंटरच्या तळातली शेवटची दीड-दोन लिटर बिअर सोडून द्या. काही जणांना हे सोडणे जिवावर येते. पण तिरका करून घेतलेला तो लिटरभर गाळ केगमधल्या सतरा लिटरांना महागात पडतो.

तपासणी: केग वजनकाट्यावर ठेवून भरा. एक लिटर बिअरचे वजन साधारण एक किलो असते, त्यामुळे रिकाम्या केगचे वजन वजा केले की आत किती बिअर आली ते कळते. वायूची आखूड ट्यूब बिअरमध्ये बुडणार नाही, एवढी जागा वर मोकळी ठेवा.

## टप्पा ६: आधी थंडी, मग जिलेटिन

झाकण घट्ट बसावे म्हणून ३० पीएसआयचा एक झटका द्या, व्हॉल्व्हमधून चार-पाच वेळा वायू सोडून पुन्हा भरा, आणि मग रेग्युलेटर ५ पीएसआयवर आणून केग फ्रिजमध्ये ठेवा. नळी जोडलेलीच राहू द्या. थंड होताना बिअर वायू शोषते, आतला दाब उतरतो, आणि वायू तोडलेल्या केगचे झाकण तेवढ्याने सैल पडू शकते. पहिले चोवीस तास केवळ थंडीसाठी आहेत.

जिलेटिन कोमट बिअरमध्ये घालणे ही या टप्प्यातली मुख्य चूक. थंडीच्या धूसरपणाचे कण थंडीतच तयार होतात. जे अजून तयारच झालेले नाही, ते जिलेटिन कसे पकडणार? यीस्ट तेवढे खाली जाईल आणि ग्लास थंड होताच पुन्हा धूसर दिसेल. म्हणून बिअर किमान ५ अंशांच्या खाली गेली आहे हे पाहूनच द्रव्य घाला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो, तसाच हा प्रकार: जिलेटिनवरचा धन प्रभार यीस्ट आणि प्रथिनांवरच्या ऋण प्रभाराला ओढतो, गोळे मोठे होतात आणि वजनाने तळाला जातात.

१. १०० मिली थंड पाण्यात बिनचवीचे जिलेटिन २ ते ३ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर किंवा थोडे कमी, भुरभुरून दहा मिनिटे फुगू द्या.

२. मंद आचेवर ते ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करा आणि काही मिनिटे तिथेच ठेवा. उकळू देऊ नका. उकळल्याने जिलेटिनची पकड कमी होते. पाणी पारदर्शक झाले म्हणजे ते विरघळले.

३. केगचा दाब सावकाश सोडा, झाकण थोडेसेच उचलून गरम द्रावण ओता आणि लगेच बंद करा. ढवळण्याची गरज नाही.

४. पुन्हा ३० पीएसआय देऊन व्हॉल्व्ह पाच-सहा वेळा ओढा, म्हणजे उघडताना शिरलेली हवा निघून जाईल.

बिअर दोन ते तीन दिवसांत निवळते.

इथे यजमानांसाठी एक बाब. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून, तर इझिनग्लास माशाच्या वायुपिशवीपासून मिळते. बहुतेक द्रव्य साक्याबरोबर तळाला बसते हे खरे, पण म्हणून ती बिअर शाकाहारी ठरत नाही, आणि आपल्याकडे जमणाऱ्या मंडळींत कट्टर शाकाहारी एक तरी असतोच. त्यांना न सांगता ग्लास पुढे करणे योग्य नाही. बायोफाइन क्लिअर हे सिलिका-आधारित द्रव्य प्राणिज नसते, त्याला गरम करावे लागत नाही आणि यीस्टवर ते उत्तम चालते. कोणतेही द्रव्य नको असेल, तर ३ अंशांवर तीन-चार आठवडे थांबा; पुष्कळ बिअर केवळ वेळेने नितळ होतात.

## टप्पा ७: वायू देणे, पण केग न हलवता

द्रव्य घातल्यावर रेग्युलेटर १२ पीएसआयवर, म्हणजे साधारण ०.८ बारवर लावा आणि सोडून द्या. ३ अंशांना या दाबावर बिअरमध्ये सुमारे अडीच आकारमान, म्हणजे बिअरच्या अडीचपट, वायू मुरतो, जो पेल एलला शोभतो. याला दहा ते चौदा दिवस लागतात. इंग्लिश बिटरला यापेक्षा बराच कमी वायू हवा, दीड ते दोन आकारमान. समुद्रसपाटीपासून उंचावर, उदाहरणार्थ डेन्व्हरला, राहणाऱ्यांनी दर हजार फुटांमागे अर्धा पीएसआय वाढवावा.

घाई असेल, तर ३० पीएसआयवर चोवीस ते छत्तीस तास ठेवा, वायू बंद करून वरचा दाब सोडा आणि मग १२ पीएसआयवर जोडा. यात वेळ चुकली की बिअरमध्ये जास्त वायू मुरतो आणि पुढचे दोन दिवस व्हॉल्व्ह ओढत बसावे लागते.

केग आडवा करून मांडीवर हलवण्याची एक पद्धत सांगितली जाते. वायू तासाभरात मुरतो, हे खरे. पण तळाशी बसलेला सगळा साका त्यात उसळतो आणि टप्पा ६ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

इशारा: केगमधला दाब रेग्युलेटरपेक्षा जास्त असताना नळी जोडली, तर बिअर उलटी वायूच्या नळीत आणि तिथून रेग्युलेटरमध्ये जाऊ शकते. आधी केगचा दाब सोडा, आणि नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह असल्याशिवाय काम करू नका.

इशारा: सिलिंडर उभाच ठेवा आणि बांधून ठेवा; आडव्या सिलिंडरमधून द्रव कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमध्ये शिरतो. पाच पौंडांच्या म्हणजे २.२७ किलोच्या सिलिंडरमध्ये मोकळा झाल्यास सुमारे १.२ घनमीटर वायू असतो. दहा चौरस मीटरच्या बंद खोलीत तो सगळा गळला, तर हवेतले त्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ४ टक्के हीच जिवाला तत्काळ धोक्याची पातळी मानली जाते. तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये फ्रिज असेल, तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. गाडीतून सिलिंडर आणताना काचा उघड्या ठेवा.

सिलिंडरचा मोठा काटा आत किती वायू उरला ते सांगत नाही. आत द्रव आहे तोवर काटा केवळ तापमानाप्रमाणे हलतो. खोलीत ८०० पीएसआयच्या पुढे दिसणारा आकडा फ्रिजमध्ये ठेवताच साडेपाचशेच्या आसपास उतरतो आणि लोक गळती शोधत बसतात. उरलेला वायू जाणून घ्यायचा, तर सिलिंडरचे वजन करा.

## टप्पा ८: नळीची लांबी आणि फेस

बिअर नितळ आहे, पण ग्लासात अर्धा फेस येतो, ही दुसरी सार्वत्रिक तक्रार. तिच्यावर बहुतेक जण दाब ५ पीएसआयवर आणतात. एक-दोन ग्लास बरे जातात. मग कमी दाबामुळे बिअरमधला वायू नळीतच सुटू लागतो, नळीत बुडबुड्यांचे टप्पे दिसतात, फेस वाढतो आणि आठवड्याभरात बिअर निस्तेज होते. दाब हा बिअरमध्ये किती वायू हवा यावरून ठरतो. प्रवाहाचा वेग नळीने सावरायचा असतो.

५ मिमी आतील व्यासाची साधी व्हिनाइल नळी असेल, तर १२ पीएसआयला सुमारे ३ मीटर लांबी लागते. ४ मिमी व्यासाच्या ईव्हीएबॅरियर नळीला दीड ते दोन मीटर पुरतात, आणि तिच्यातून प्राणवायू फारसा आत शिरत नाही, म्हणून नवी घेणाऱ्याने तीच घ्यावी. सुरुवात लांब नळीने करा. प्रवाह फार मंद वाटला, तर १५ सेंटिमीटरच्या तुकड्यांनी कापत या. सेकंदाला साधारण ६० मिली बिअर आली, तर मेळ बसला.

लांबी बरोबर असूनही फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल, तर नळ आणि फ्रिजबाहेरचा भाग गरम आहे. उभ्या केगच्या फ्रिजमध्ये तळाला ३ अंश असताना वरच्या भागात ७-८ अंश असणे नवलाचे नाही. आत एक छोटा पंखा ठेवा, नळीचे वेटोळे केगच्या डोक्यावर नव्हे, तर खालच्या थंड भागात गुंडाळा.

## टप्पा ९: पहिला ग्लास आणि पुढचे

साधी डिप ट्यूब केगच्या तळातल्या खोलगट भागातून बिअर ओढते, आणि सगळा साका नेमका तिथेच असतो. त्यामुळे पहिले अडीचशे ते पाचशे मिली गढूळ येणारच. ते वेगळे काढून टाका. एवढी बिअर गेली की ट्यूबच्या तोंडाभोवतीचा साका निघून जातो, बाजूचा जागेवर राहतो, आणि पुढचे ग्लास स्वच्छ येतात. केग न हलवण्याचे कारण हेच आहे: धक्का बसला की बाजूचा साका घसरून पुन्हा तोंडाशी येतो.

तरंगती डिप ट्यूब बसवल्यास बिअर वरच्या थरातून येते, जो सर्वांत आधी निवळतो. त्यामुळे पहिला ग्लासही स्वच्छ मिळतो, आणि गढूळ भाग शेवटच्या लिटरात येतो. तिची सिलिकॉन नळी कुठे मुडपलेली नाही, हे झाकण लावण्यापूर्वी पाहा. डिप ट्यूब सेंटिमीटरभर कापण्याचा जुना उपायही चालतो, पण कापलेली ट्यूब परत वाढत नाही आणि दर केगमागे तेवढी बिअर तळाशी उरते. माझी पसंती तरंगत्या ट्यूबला आहे.

ओतताना नळ एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेला नळ फेसच देतो. ग्लास आधी तिरका, अर्धा भरल्यावर सरळ. नळाचे तोंड बिअरमध्ये बुडवू नका. ग्लास तेलकट भांड्यांबरोबर धुतलेला नसावा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो स्वच्छ नाही. फ्रीझरमधल्या बर्फाळ ग्लासात फेस उसळतो आणि बिअर काही काळ दिसतच नाही, मग नितळपणा कोणाला दाखवायचा?

## टप्पा १०: केग दुसरीकडे न्यायचा असेल तर

मित्राच्या घरी मेजवानीला केग न्यायचा असतो आणि गाडीत चार वळणे घेताच दोन आठवड्यांची मेहनत ढवळून निघते. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: निवळलेली बिअर निघण्यापूर्वी साक्यावरून दुसऱ्या केगमध्ये काढून घेणे.

१. दुसरा केग टप्पा ५ प्रमाणे सॅनिटायझर ढकलून वायूने भरा आणि थंड करा.

२. पहिल्या केगमधून गढूळ बिअर ग्लासात काढून टाका, स्वच्छ येऊ लागली की थांबा.

३. दोन्ही केगमध्ये सारखा, १२ पीएसआय दाब ठेवा. दोन्ही टोकांना काळे डिसकनेक्ट असलेली नळी एका केगच्या बिअरच्या पोस्टपासून दुसऱ्याच्या बिअरच्या पोस्टला जोडा. दाब सारखा असल्याने काहीच वाहणार नाही. ते बरोबर आहे.

४. पहिल्या केगला वायू जोडलेला ठेवून दुसऱ्या केगचा व्हॉल्व्ह किंचित, अगदी किंचित उघडा. बिअर सावकाश सरकेल आणि फेस होणार नाही. किती भरला ते टप्पा ५ प्रमाणे वजनावरून कळते.

५. जोडनळीत पिवळसर गाळ दिसताच थांबा.

मेजवानीनंतर रिकामा झालेला केग उघडून तसाच ठेवू नका. आत वायूचा दाब राहू द्या, म्हणजे उरलेल्या थेंबांवर बुरशी लवकर धरणार नाही आणि धुण्याला सवडीने वेळ मिळेल. नळी आणि नळ मात्र त्याच दिवशी कोमट पाण्याने धुवा, आणि वापर सुरू असेल तोवर दर दोन आठवड्यांनी बिअरलाइन क्लीनर फिरवा. नळाच्या तोंडाला चिकट काळसर थर जमला, तर पुढच्या केगमधली कितीही नितळ बिअर त्यातूनच येणार आहे.